विचारा बिनधास्त : कायदा पास करून औषध कंपन्यांच्या खुर्चीत बसलेला खासदार

गेल्या अंकात अमेरिकेतल्या औषधांच्या किमतींवर लिहिताना बिली टोझॅनचं नाव मी एका ओळीत उरकलं होतं, की कायदा पास करवणारा हा खासदार वर्षभरात औषध कंपन्यांच्या संघटनेचा प्रमुख झाला. त्या एका ओळीवर इतक्या मेल आल्या की बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यात ढकलून हा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. ज्यांनी होम लोनबद्दल विचारलंय त्यांनी थोडं थांबा.

प्रश्न : ताई, मी बँकेतून रिटायर झालोय. आमच्याकडे एखाद्या ऑफिसरने ज्या पार्टीचं मोठं लोन सँक्शन केलं तिच्याकडेच नंतर नोकरी धरली असती तर व्हिजिलन्सवाले घरी आले असते. ह्या टोझॅनला कोणी काहीच कसं केलं नाही? जरा पहिल्यापासून सांगा. (एक काका, सातारा)

उत्तर : काका, पहिल्यापासून म्हणजे १९४३, लुइझियाना राज्यातलं चॅकबे नावाचं छोटं गाव. तिथल्या फ्रेंच वंशाच्या लोकांना केजन म्हणतात, त्यांच्यातला हा. वकील झाला, १९७२ मध्ये राज्याच्या विधानसभेत गेला आणि १९८० च्या पोटनिवडणुकीत वॉशिंग्टनला हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जमध्ये, म्हणजे आपल्या लोकसभेसारखं जे सभागृह आहे त्यात. तेव्हा डेमोक्रॅट. १९८७ ला गव्हर्नरपदासाठी उभा राहिला, पडला. १९९५ च्या सुरुवातीला 'ब्लू डॉग' नावाचा मध्यममार्गी डेमोक्रॅट्सचा गट काढणाऱ्यांत हा होता आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिपब्लिकन पक्षात गेला सुद्धा! आपल्याला ह्यात नवल वाटायचं कारण नाही, आपण जास्त पाहिलंय. पण दोन्ही पक्षांच्या व्हिप टीममध्ये काम केलेला माणूस तिकडे दुर्मिळच, म्हणजे माणसं सांभाळायची आणि मतं जमवायची कला त्याच्या अंगात होती हे नक्की.

२००१ मध्ये तो एनर्जी अँड कॉमर्स कमिटीचा चेअरमन झाला आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. आपल्याकडच्या स्थायी समित्या अहवाल देतात, सरकारला वाटलं तर ऐकतं नाहीतर फाइलला लावतं. तिकडे तसं नाही, कमिटीचा चेअरमन बिल अडवू शकतो, बदलू शकतो, कंपन्यांच्या सीईओंना टीव्हीसमोर बसवून घाम फोडू शकतो. एन्रॉन बुडाली तेव्हा सुनावण्या घेणाऱ्यांत ही कमिटी पुढे होती, त्याआधी फायरस्टोनच्या टायरवरूनही टोझॅनने कंपनीवाल्यांना चांगलं फैलावर घेतलं होतं. टेलिफोन, केबल टीव्ही, वीज, तेल, औषधं, आरोग्य हे सगळं एका कमिटीच्या ताटात, त्यामुळे चेअरमनशी ओळख असणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा.

आता २००३. अमेरिकेत ६५ च्या पुढच्यांसाठी मेडिकेअर ही सरकारी आरोग्य योजना आहे, पण तोपर्यंत त्यात मेडिकलमधून आणायच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च मिळत नव्हता. तो मिळावा म्हणून बिल आलं. बुश सरकारचं लाडकं बिल, हाउसमध्ये त्याचे दोन मुख्य सूत्रधार, कर बघणाऱ्या वेज अँड मीन्स कमिटीचे बिल थॉमस आणि आपला टोझॅन. हे मुद्दाम सांगतेय कारण सोशल मीडियावर सगळं पाप एकट्या टोझॅनच्या नावावर लिहितात, ते खरं नाही.

बिलात एक कलम होतं. औषध कंपन्या आणि हा खर्च देणारे प्रायव्हेट विमा प्लॅन यांच्यात किमतींच्या वाटाघाटी चालतील त्यात सरकारच्या आरोग्यमंत्र्याने ढवळाढवळ करायची नाही. म्हणजे देशातला औषधांचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक आणि त्यालाच भाव करायला बंदी!

२२ नोव्हेंबर २००३ ला पहाटे तीनच्या सुमारास हाउसमध्ये मतदान सुरू झालं. एरवी १५ मिनिटांत संपतं. वेळ संपली तेव्हा बिल हरत होतं, तर मतदान बंदच केलं नाही. जवळजवळ तीन तास चालू ठेवलं, आरोग्यमंत्री टॉमी थॉम्पसन स्वतः सभागृहात फिरून एकेकाला पटवत होते, प्रेसिडेंट बुशचे फोन येत होते आणि सहाला काही मिनिटं असताना २२० विरुद्ध २१५ ने पास. मिशिगनच्या निक स्मिथ नावाच्या रिपब्लिकन खासदाराने नंतर सांगितलं की माझं मत मिळावं म्हणून माझ्या मुलाच्या निवडणुकीला मदतीची ऑफर होती, त्यावरून हाउसच्या एथिक्स कमिटीने बहुमत पक्षाचा नेता टॉम डिलेला समज दिली. ८ डिसेंबरला बुशची सही झाली.

आणि जानेवारी २००४ मध्ये, म्हणजे सहीची शाई वाळते न वाळते तोच, बातम्या आल्या की औषध कंपन्यांची संघटना टोझॅनला प्रमुखपद द्यायला बघतेय. फार्मास्युटिकल रिसर्च अँड मॅन्युफॅक्चरर्स ऑफ अमेरिका असं लांबलचक नाव आहे, सगळे 'फार्मा' म्हणतात. तेव्हाच हॉलिवूड स्टुडिओंच्या संघटनेचीही त्याच्यावर नजर होती, तिचा प्रमुख जॅक व्हॅलेंटी ह्याच्या जागेसाठी. बोंबाबोंब झाली, त्याने फेब्रुवारीत चेअरमनपद सोडलं. मार्चमध्ये लहान आतड्याचा कॅन्सर निघाला, मोठं ऑपरेशन, मग किमो. बरा झाला. डिसेंबर २००४ मध्ये फार्माने नाव जाहीर केलं, जानेवारी २००५ ला तो खुर्चीत. खासदार म्हणून पगार होता वर्षाला १,५८,१०० डॉलर, नव्या नोकरीचा आकडा बातम्यांत आला तो २० लाख डॉलरच्या आसपास. बारा पटीहून जास्त.

आता तुमचा मुद्दा, ह्याला लाच का म्हणत नाहीत. कारण लाच सिद्ध करायला 'हे कर, मग ते देतो' असा सौदा दाखवावा लागतो. इथे कोणी काही बोललेलं सापडलं नाही, गुन्हा दाखल झाला नाही, आणि कायद्याचा आणि नोकरीचा काही संबंध नाही असंच टोझॅन म्हणत राहिला. खोटं बोलत असेल असंही मी म्हणणार नाही. माझ्या मते अडचण वेगळीच आहे, सौदा बोलायची गरजच पडत नाही. चेअरमनला माहीत असतं की आधीच्या चेअरमनला बाहेर पडल्यावर काय मिळालं, कंपन्यांना माहीत असतं की त्याला माहीत आहे, आणि कोणाशी कडक वागायचं आणि कोणाशी नाही हे मग आपोआप ठरत जातं. तुमच्या व्हिजिलन्सने पकडायचं काय आणि कुठे?

बरं हा एकटा नव्हता. मेडिकेअर चालवणारा सरकारी अधिकारी टॉम स्कली, तो तर बिलाचं काम चालू असतानाच बाहेर नोकरी शोधायची लेखी परवानगी घेऊन बसला होता आणि डिसेंबर २००३ मध्येच प्रायव्हेटमध्ये गेला. त्याच्या हाताखालचा मुख्य ॲक्चुअरी, म्हणजे खर्चाचा अंदाज काढणारा, रिचर्ड फॉस्टर, त्याचा हिशोब असा की दहा वर्षांत ५३४ अब्ज डॉलर लागतील. काँग्रेससमोर, म्हणजे तिकडच्या संसदेसमोर, आकडा होता ३९५ अब्जांचा. फॉस्टरने आपला आकडा खासदारांना सांगितला तर नोकरी जाईल अशी धमकी स्कलीने दिली होती हे पुढे चौकशीत निघालं. मला विचाराल तर ह्या सगळ्या प्रकरणात टोझॅनच्या पगारापेक्षा हीच गोष्ट जास्त भयानक आहे, पण तिच्यावर कोणी मीम बनवत नाही.

प्रश्न : लॉ च्या थर्ड इयरला आहे. आमच्या सरांनी सांगितलं की अमेरिकेत कूलिंग ऑफ पिरियड असतो, मग टोझॅन लगेच कसा जॉइन झाला? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : सर बरोबर सांगतात, पद सोडल्यावर काही काळ थांबायचं असा तो नियम. पण तो नोकरी करण्यावर नसतो गं, आपल्या जुन्या सहकाऱ्यांकडे जाऊन लॉबिइंग करण्यावर, म्हणजे कंपनीच्या बाजूने त्यांचं मन वळवण्यावर असतो. १९८९ च्या कायद्याने खासदारांना एक वर्ष. २००७ मध्ये जॅक अब्रॅमॉफ ह्या लॉबिस्टचा घोटाळा गाजल्यावर सिनेटरांना, म्हणजे वरच्या सभागृहातल्यांना, दोन वर्षं केलं, हाउसवाल्यांचं एकच राहिलं. त्यामुळे पहिल्या वर्षी टोझॅनने स्वतः हाउसमध्ये जाऊन कोणाला पटवायचं नाही, एवढंच. संघटना चालवायला, धोरण ठरवायला, कोणाकडे कोणी जायचं आणि काय बोलायचं हे खालच्या टीमला सांगायला कोण अडवणार? चिठ्ठी ह्याने लिहायची, न्यायची दुसऱ्याने.

शिवाय रजिस्ट्रेशनची पळवाट आहे. १९९५ च्या लॉबिइंग डिस्क्लोजर ॲक्टप्रमाणे एखाद्या क्लायंटसाठी २० टक्क्यांपेक्षा कमी वेळ लॉबिइंगमध्ये गेला तर त्या माणसाने लॉबिस्ट म्हणून नाव नोंदवायची गरज नाही. म्हणून वॉशिंग्टनमध्ये माजी खासदार 'स्ट्रॅटेजिक ॲडव्हायझर' फार असतात. आणि मजा म्हणजे २००६ पर्यंत लॉबिस्ट झालेल्या माजी खासदाराला हाउसच्या फ्लोअरवर जायची आणि खासदारांची जिम वापरायची मुभा होती, ट्रेडमिलवर शेजारी उभं राहून गप्पा मारायच्या, कुठला कूलिंग आणि कुठला पिरियड. फेब्रुवारी २००६ मध्ये ते बंद केलं. प्रोजेक्ट करणार असशील तर एथिक्स रिफॉर्म ॲक्ट १९८९ पासून सुरू कर, आणि २००७ चा कायदा वाचताना सिनेट आणि हाउसचे नियम वेगवेगळे काढ, तिथेच सगळ्यांचा गोंधळ होतो.

प्रश्न : माझं मेडिकलचं दुकान आहे. भाव करायचा नाही म्हणजे नक्की काय? आमच्याकडे तर सरकार एमआरपीला सीलिंग लावतं, कंपन्या रडतात पण विकतात. (इचलकरंजी)

उत्तर : दादा, तुम्हाला उदाहरणाने पटकन कळेल. डायबेटिसची सिटाग्लिप्टिन तुम्ही रोज विकता. त्याचा मूळ ब्रँड जानुविया, अमेरिकेत ३० दिवसांच्या गोळ्यांची लिस्ट प्राइस २०२३ मध्ये होती ५२७ डॉलर. २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टने ते जुनं बंदीचं कलम पहिल्यांदा थोडं सैल केलं, निवडक औषधांपुरतं मेडिकेअरला भाव करता येईल असं. पहिली दहा औषधं निवडली त्यात जानुविया होतं, आणि १ जानेवारी २०२६ पासूनचा ठरलेला भाव आहे ११३ डॉलर. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये पेटंट संपल्यावर जेनेरिकची कशी झुंबड उडाली आणि रेट कुठे आले ते तुम्ही काउंटरवर बसून पाहिलंच असेल.

प्रायव्हेट प्लॅन भाव करायचेच, अगदी कोणीच करत नव्हतं असं नाही. पण प्रत्येक प्लॅनचे मेंबर वेगळे, ताकद वाटलेली, आणि घासाघीस करून मिळालेली सूट कोणाच्या खिशात गेली हे गिऱ्हाइकाला कळायचं नाही. तिकडच्याच माजी सैनिकांच्या दवाखान्यांना आणि गरिबांच्या मेडिकेडला कायद्याने सूट मिळते. २००६ ला योजना सुरू झाली तेव्हा साठेक लाख गरीब म्हातारी आणि अपंग माणसं मेडिकेडच्या औषध योजनेतून ह्या नव्या योजनेत ढकलली गेली, म्हणजे ज्यांच्या गोळ्यांवर कंपन्यांना सक्तीने रिबेट द्यावी लागायची त्यांच्या गोळ्यांवर आता ती सक्ती नाही. ह्या मुद्द्यावर फार कमी बोललं जातं, पण धंदा करणाऱ्याला त्यातली कमाई लगेच दिसेल.

हे कलम काढायचा प्रयत्न लगेच झाला नाही असंही नाही. जानेवारी २००७ मध्ये हाउसने २५५ विरुद्ध १७० ने तसं बिल पास केलं होतं, एप्रिलमध्ये सिनेटमध्ये बिल पुढे न्यायला लागणारी ६० मतं जमली नाहीत आणि अडकलं. तेव्हा फार्माचा प्रमुख कोण हे सांगायला नको. २००३ ते २०२२, मोजा तुम्ही.

आणि तुमच्या धंद्याशी अजून एक धागा आहे. टोझॅन खुर्चीत बसला त्याच जानेवारी २००५ मध्ये भारतात औषधांवर प्रॉडक्ट पेटंट परत लागू झालं, पण आपल्या कायद्यात ३(ड) कलम घातलं गेलं, जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट घ्यायचं नाही असं. ह्याच कलमाविरुद्ध फार्मा संघटना अमेरिकी सरकारच्या व्यापार खात्याकडे वारंवार तक्रारी करत आलीय, आणि पेटंटचं संरक्षण कमी पडतं म्हणून ते खातं ज्या देशांना धरतं त्यांच्या 'स्पेशल ३०१' यादीत भारत वर्षानुवर्षं आहे. ग्लिवेक ह्या कॅन्सरच्या औषधाचा निकाल आपल्या सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१३ ला ह्याच कलमावर दिला. तेव्हा वॉशिंग्टनमधली ही संघटना तुमच्या दुकानापासून वाटते तितकी लांब नाही.

प्रश्न : ताई, तुमचं लिखाण एकतर्फी वाटलं. मी न्यू जर्सीत फार्मा इंडस्ट्रीत काम करतो. टोझॅन कॅन्सरमधून नव्या औषधामुळे वाचला, त्यानंतर त्याला ह्या क्षेत्रासाठी काम करावंसं वाटलं असेल तर त्यात गैर काय? (एडिसनजवळून)

उत्तर : गैर काही नाही, आणि ते मी आधी लिहायला हवं होतं असं वाटत असेल तर आता लिहिते. त्याला ॲव्हास्टिन दिलं होतं, तेव्हा ते अगदी नवं औषध होतं, आणि त्याने आपला जीव वाचला हे तो जाहीरपणे सांगायचा. मला त्यावर विश्वास ठेवायला काही जड जात नाही. फक्त तारखा बघा, पहिली ऑफर आजार कळायच्या आधीची आहे.

पण तुमच्या बाजूने एक गोष्ट मी स्वतःच देते. लॉबिस्ट म्हणून हा माणूस नुसता शोभेचा नव्हता, कामाचा होता आणि त्याचं सगळ्यात मोठं काम झालं ते डेमोक्रॅट्सबरोबर. २००८ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, ओबामांनी टीव्हीवर जाहिरातच केली होती, 'बिली' नावाची. कमिटीच्या चेअरमनने कायदा पास केला आणि औषध कंपन्यांकडे २० लाख डॉलरच्या नोकरीला गेला, हा खेळ मला नीट खेळायला शिकायचा नाहीये, तो संपवायचाय अशा अर्थाचं. टाळ्या पडल्या. आणि २००९ मध्ये आरोग्य विमा सुधारणा आणायची वेळ आली तेव्हा व्हाइट हाउसमध्ये बोलणी करायला कोण? बिलीच!

जूनमध्ये सिनेटच्या फायनान्स कमिटीचे मॅक्स बॉकस आणि व्हाइट हाउसबरोबर सौदा ठरला. कंपन्या दहा वर्षांत ८० अब्ज डॉलरचा भार उचलतील, मेडिकेअरवाल्यांना औषधांचं सगळं बिल खिशातून भरावं लागायचं त्या मधल्या टप्प्यात ब्रँडेड औषधांवर निम्मी सूट देतील. बदल्यात सरकारने भाव करायचा नाही आणि कॅनडातून स्वस्त औषधं आणू द्यायची नाहीत. ऑगस्टमध्ये हाउसमधले डेमोक्रॅट कुरकुर करायला लागले तेव्हा टोझॅनने सरळ पेपरवाल्यांना सांगून टाकलं की आम्हाला शब्द दिलाय, आणि व्हाइट हाउसला ते मान्य करावं लागलं. ह्या सुधारणेचा कायदा, ओबामाकेअर, मार्च २०१० मध्ये आला, त्यात भाव करायची परवानगी नव्हती. ह्या सौद्याच्या ईमेल पुढे २०१२ मध्ये बाहेर काढल्या त्या कोणी, तर एनर्जी अँड कॉमर्स कमिटीच्या रिपब्लिकन मंडळींनी, म्हणजे टोझॅनच्या जुन्याच कमिटीने.

तोपर्यंत तो गेला होता. सौदा महाग पडला असं संघटनेतल्याच काही कंपन्यांना वाटत होतं, फेब्रुवारी २०१० मध्ये त्याने राजीनामा जाहीर केला आणि जूनअखेर बाहेर पडला. त्या वर्षी त्याला सगळं मिळून १.१६ कोटी डॉलर मिळाले, हा आकडा संघटनेच्या टॅक्स रिटर्नवरून बाहेर आला. म्हणजे जाताना नाराजी आणि तरी एवढे. तुमच्या कंपनीत अप्रेझलच्या वेळी दाखवून बघा.

प्रश्न : अमेरिकेचं सोडा हो, आपल्याकडे काय आहे ते सांगा. की आपले सगळे धुतल्या तांदळासारखे? (नागपूर)

उत्तर : आपल्याकडे लॉबिइंगचा वेगळा कायदाच नाही, त्यामुळे रजिस्टर नाही, आकडे नाहीत, कूलिंग ऑफ नाही. आयएएस अधिकाऱ्याला रिटायर झाल्यावर एका वर्षाच्या आत प्रायव्हेट नोकरी करायची तर परवानगी घ्यावी लागते, आधी दोन वर्षं होतं. माजी खासदाराला ते पण नाही.

२०१२ च्या डिसेंबरमध्ये संसदेत वॉलमार्टवरून गदारोळ झाला होता आठवतंय? कंपनीने भारतात शिरायला लॉबिइंगवर खर्च केला म्हणून. ती माहिती आली कुठून, तर कंपनीने अमेरिकेत कायद्याप्रमाणे भरलेल्या रिपोर्टांतून, आणि आपल्या सरकारला निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गलांची चौकशी नेमावी लागली. म्हणजे आपल्या बाजारासाठी कोणी किती पैसे ओतले हे आपल्याला तिकडच्या कागदांवरून कळलं. टोझॅनचा पगार, तारखा, मतदानाचे आकडे मी वर जे धडाधड लिहिलंय ते सगळं तिकडे उघड्यावर आहे म्हणून लिहिता आलं, इथल्या माणसाबद्दल असा कॉलम लिहायचा म्हटलं तर मला चार ओळी सुद्धा आकड्यानिशी लिहिता येणार नाहीत. राज्यसभेत सभासदांच्या आर्थिक हितसंबंधांचं एक रजिस्टर असतं, डायरेक्टरशिप, कन्सल्टन्सी वगैरे लिहायचं, ते बघत जा कधीतरी. आणि आपल्याकडे खासदाराने रिटायर होऊन कंपनीत जायची वाट कशाला बघायची, उद्योगपती स्वतःच राज्यसभेत जाऊन बसतो.

प्रश्न : आई माझ्याकडे एडिसनला आहे, ६८ वर्षांची, मेडिकेअर पार्ट डी आहे. सगळे म्हणतात मध्येच 'डोनट होल' येतो आणि पूर्ण पैसे भरावे लागतात. खरं आहे का?

उत्तर : आता नाही. पार्ट डी म्हणजे २००३ च्या कायद्याने आलेली तीच औषध योजना, आणि डोनट होल ही त्या कायद्यातलीच देणगी होती. २००६ मध्ये औषधांचं बिल २,२५० डॉलरच्या वर गेलं की ५,१०० पर्यंत सगळं खिशातून भरायला लागायचं, हप्ता मात्र चालूच. २०१० च्या कायद्याने ते हळूहळू बुजवलं. २०२५ पासून प्लॅनमधल्या औषधांसाठी वर्षाला खिशातून जास्तीत जास्त २,००० डॉलर अशी मर्यादा आली, २०२६ ला ती २,१०० आहे. त्यात मासिक हप्ता धरत नाहीत आणि प्लॅनच्या यादीत नसलेलं औषधही धरत नाहीत, त्यामुळे आईच्या गोळ्यांची यादी हातात घेऊन प्लॅनची यादी दरवर्षी तपासायची, कारण ती बदलते. प्लॅन बदलायची मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. एकट्याने जमत नसेल तर तुमच्या राज्यात 'शिप' नावाची फुकट सल्ला देणारी सरकारी सोय आहे, त्यांना फोन करा, ते कुठल्याच कंपनीचा प्लॅन विकत नाहीत.